हाती तलवार नव्हे, नांगर! लाल महालातील शिल्पामागची जिजाऊंची गोष्ट काय?

दुसरबीड (जि. बुलढाणा) : दुसरबीड ज्या तालुक्यात येते, त्या सिंदखेडराजात दर १२ जानेवारीला राजमाता जिजाऊंच्या जयंतीसाठी मोठी गर्दी होते. पुण्यातील लाल महालात मात्र त्यांचे एक वेगळे शिल्प आहे. त्यात बाल शिवरायांच्या हाती नांगर आहे आणि सोबत जिजाऊ. हा नांगर कशासाठी?

माहेरावर घाला
जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजीराजे जाधव यांच्या घरी झाला. शहाजीराजे भोसले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीवर, लखुजीराजे मुलांसह मारले गेले. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

पुण्याचे काय झाले होते?
याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांची पुण्याची जहागीर उद्ध्वस्त केली. घरे जाळली गेली. गावावर गाढवांचा नांगर फिरवून पहार रोवली, असे परंपरा सांगते. अर्थ एकच : इथे पुन्हा वस्ती करायची नाही. वैर सरदारांचे होते, पण घर सोडून पळावे लागले ते शेतकरी, कारागीर आणि व्यापाऱ्यांना. त्यातच १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ पडला.

सोन्याचा नांगर
पुढे जिजाऊ शिवरायांसह पुण्यात आल्या. त्याच जमिनीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवून त्यांनी लोकांच्या मनातली भीती घालवली, असे सांगितले जाते. कसबा गणपतीची स्थापनाही परंपरेने त्यांच्याच नावाशी जोडली जाते. पडीक जमीन कसणाऱ्यांना सुरुवातीला साऱ्यात सवलत मिळाली आणि गाव हळूहळू वसले.

रयतेला त्रास नको
जिजाऊंच्या हयातीतच, १६७३ मध्ये, शिवरायांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पत्र लिहून ताकीद दिली : दाणागोटा, चारा, भाजी बाजारातून विकत घ्या, रयतेकडून हिसकावू नका. फौज आपली असली तरी शेतकऱ्याला तिची झळ बसू शकते, याची ही जाणीव होती.

न्यूयॉर्कमध्येही नांगर
संयुक्त राष्ट्रांच्या आवारात येव्गेनी वुचेतिच यांचे कांस्यशिल्प आहे. त्यात एक माणूस तलवार ठोकून तिचा नांगर घडवतो. सोव्हिएत संघाने १९५९ मध्ये ते भेट दिले. लाल महालातील नांगर त्याच्या पुढचे काम दाखवतो : उजाड गावात माणसे परत आणणे.

६ जून १६७४ रोजी शिवरायांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १७ जूनला, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाऊंचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे.