शांतीच्या शोधात घर सोडलेला विनायक

रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेले विनायक नरहर भावे पुढे विनोबा या नावाने सर्वपरिचित झाले. 1982 साली पवनार येथे त्यांचे निधन झाले. भूदानाचे विनोबा आपल्या ख्रिस्ती वाचकांना ठाऊक असतात. नव्या करारातील निवडक वचनांचा संग्रह त्यांनी सिद्ध केला, हे मात्र अनेकांच्या ध्यानी नसते.

तारुण्यात त्यांना दोन दिशा खुणावत होत्या : हिमालयातील शांती आणि बंगालमधील सशस्त्र क्रांती. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीस होते. मुलाने शिकून नाव काढावे, ही त्यांची अपेक्षा. विनायकाने मात्र आईदेखत आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा वीस वर्षांचा तरुण वाटेत सुरतेस उतरला व काशीस गेला. तेथे गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत वाचून त्याने त्यांना पत्र लिहिले आणि 7 जून रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात त्यांची भेट घेतली. शांती आणि क्रांती त्याला एकाच ठिकाणी सापडल्या. मुलगा आपल्याकडे असल्याचे गांधीजींनीच वडिलांना कळविले.

1918 साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई रुक्मिणीबाई आजारी पडल्या, तेव्हा विनोबा सेवेसाठी घरी परतले. त्यांच्या निधनानंतर पुरोहिताकरवी अंत्यविधी करणे विनोबांना मान्य नव्हते. घरच्यांनी त्यांचे ऐकले नाही. जिने भक्ती शिकवली, त्या आईच्या अंत्यविधीस ते गेले नाहीत. हा निर्णय आजही मनाला बोचतो. पुढे बाळकोबा व शिवाजी हे धाकटे बंधूही त्याच वाटेने गेले आणि तिघेही अविवाहित राहिले. नरहरपंतांना काय वाटले असेल?

1939 साली ब्रिटिश सरकारने भारतीयांना न विचारता देशाला महायुद्धात ओढले. गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून नेहरूंच्याही आधी विनोबांची निवड केली. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनार येथे भाषण करून युद्धास माणसे वा पैसा देऊ नये, असे त्यांनी सांगितले. चारच दिवसांनी त्यांना अटक झाली. या सत्याग्रहात त्यांनी तीनदा कारावास भोगला.

परक्या सरकारच्या युद्धाला नकार देणे त्या मानाने सोपे होते. 1957 साली त्यांनी केरळात शांतिसेना उभारली आणि पाचच वर्षांनी चीनने भारतावर आक्रमण केले. विनोबांनी आक्रमणाचा निषेध केला. मात्र सरकारच्या सशस्त्र प्रतिकाराविरुद्ध 1940 सारखा सत्याग्रह त्यांनी केला नाही. सर्वोदय कार्यकर्त्यांत यावरून तीव्र मतभेद झाले.