स्वकर्माची फुलं आणि माहुलीचे रामशास्त्री



आजचा श्लोक गीतेच्या १८ व्या अध्यायातला ४६ वा. ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणूस आपल्या वाट्याला आलेल्या कामानेच करतो, असं भगवंत इथे सांगतात. माउली तर स्वकर्माला फुलांची उपमा देतात. वाचायला फार गोड वाटतं. पण मी सीए आहे, सांगलीत माझं छोटं ऑफिस आहे, आणि मार्च संपला की या श्लोकाशी माझं दरवर्षी भांडण होतं. ताळेबंदावर केलेली सही हे कसलं फूल?

यंदा भांडण जरा जास्तच झालं. हळदीच्या व्यापारातले एक काका आहेत, माझे जुने क्लायंट. दरवर्षी पायी वारी करतात, बोलणं मऊ, दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही. त्यांना बँकेसाठी ३१ मार्चच्या स्टॉकचा दाखला हवा होता. किती माल शिल्लक आहे त्यावर कॅश क्रेडिटमधून किती पैसे उचलता येतील हे ठरतं. मी गोडाऊनला जाऊन पोती मोजली. रजिस्टरात होती त्यापेक्षा बरीच कमी भरली. पूर्वी इथल्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. २००५ च्या पुराने त्यातली पुष्कळशी पेवं निकामी केली. पेवात तळाशी काय आहे ते वरून दिसत नाही. गोडाऊनमधली पोती मात्र मोजता येतात, हीच पंचाईत! काका म्हणाले, राहिलेला माल चार दिवसांत येतोय, तू रजिस्टरातला आकडा लिही. आणि मग विठ्ठलाची शपथ घातली. एका माळकऱ्याने दुसऱ्या माळकऱ्यावर एवढाही विश्वास ठेवू नये का, असं विचारलं. माझ्या वर्षाच्या फीचा मोठा हिस्सा त्यांच्याकडून येतो, हे दोघांनाही माहीत होतं. ते मात्र कोणी बोललं नाही.

त्या रात्री सही न करता घरी आलो आणि रामशास्त्री प्रभुण्यांचं चरित्र काढून बसलो.

रामशास्त्री आपल्याच भागातले. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात त्या माहुलीचे. जन्म १७२० च्या सुमाराचा. हीच कृष्णा पुढे कऱ्हाडवरून आमच्या सांगलीच्या घाटाला येते, त्यामुळे मला हा माणूस उगाचच शेजारचा वाटतो. पोरवयात ते साताऱ्यात अनगळ सावकारांच्या घरी गडी म्हणून होते. लिहिता-वाचता येत नव्हतं. सांगतात की एकदा सावकाराच्या पायावर पाणी घालताना त्यांची नजर मालकाच्या अंगावरच्या दागिन्यावर खिळली आणि पाणी भलतीकडेच गेलं. सावकाराने टोमणा मारला, की असलं काही अंगावर घालायचं तर विद्या लागते नाहीतर तलवार लागते. पोरगा विशीच्या आसपासचा. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने शिकायचं वय केव्हाच उलटलेलं. तरी ते उठले आणि काशीला गेले. धर्मशास्त्र शिकून परत आले, पेशव्यांच्या पदरी राहिले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. ज्या दागिन्यापायी घर सोडलं, त्या दागिन्यांशी त्यांचं पुढे कसं जमलं ते बघा.

एकदा त्यांच्या पत्नी शनिवारवाड्यात गेल्या. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाची बायको आणि अंगावर काही नाही, हे पेशव्यांच्या घरच्या बायकांना बरं दिसेना. त्यांनी त्यांना भरजरी वस्त्रं नेसवली, दागिने घातले आणि पालखीतून घरी पाठवलं. शास्त्रीबुवांनी दार उघडलंच नाही. या कोणी सरदारीणबाई दिसतात, त्या चुकून गरीब शास्त्र्याच्या दारी आल्या, असं भोयांना सांगितलं. बाई परत गेल्या, सगळं उतरवून दिलं आणि आपल्या साध्या लुगड्यात चालत घरी आल्या. लहानपणी मला ही गोष्ट विनोदी वाटायची. लग्न झाल्यावर त्या बाईंची दया आली. तिचा काय दोष होता? आता धंद्यात पडल्यावर वाटतं, भेटवस्तू बहुतेक वेळा अशीच येते. लाच म्हणून नाही, मायेने येते, आणि थेट आपल्या हातात न येता घरच्यांच्या हातात येते. आमच्या दिवाळीच्या मिठाईच्या डब्यांखाली काय काय असतं ते सीए मंडळींना विचारा!

दुसरी गोष्ट तर निव्वळ हिशेबाचीच. श्रावणात पुण्याला पेशव्यांकडून विद्वानांना दक्षिणा वाटली जायची. (ती पद्धत आज आपल्याला बऱ्याच कारणांनी खटकेल, ते तूर्त बाजूला ठेवू.) वाटपाला रामशास्त्री बसलेले, शेजारी नाना फडणीस. फडणीस म्हणजे दौलतीच्या जमाखर्चाचा धनी. रांगेत शास्त्र्यांचे सख्खे भाऊ आले. नानांनी सुचवलं, यांना २० रुपये द्यावेत. शास्त्र्यांनी २ रुपयेच दिले. यांच्याजवळ विशेष विद्या नाही, तेव्हा सगळ्यांना मिळतं तेच यांना मिळेल. भाऊ म्हणून काय द्यायचं ते मी माझ्या घरातून देईन, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे भावाला त्यांनी नाकारलं नाही, फक्त खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा तेवढं ठरवलं. आज कंपनी कायद्यात ऑडिटरच्या नातेवाइकांनी त्या कंपनीत काय धरावं, किती धरावं यावर कलमं आहेत. नानांसारखा हिशेबाचा माणूस समोर, कोणी विचारणारं नाही, आणि तरी या माणसाने ते कलम स्वतःवर लावून घेतलं.

आता या ब्लॉगवर येणाऱ्यांना जी जास्त टोचेल ती गोष्ट. थोरले माधवराव पेशवे तरुण वयात जपतपात रमू लागले होते. एकदा शास्त्री तातडीच्या कामासाठी गेले तर श्रीमंत ध्यानात. दुसऱ्या दिवशी शास्त्री काशीला जायची तयारी करूनच आले आणि निरोप मागू लागले. माधवरावांनी कालची क्षमा मागितली, ध्यान चाललं होतं असं कारण दिलं. शास्त्र्यांनी स्पष्ट सांगितलं, की स्नानसंध्येचाच मार्ग धरायचा असेल तर गादी सोडा, आपण दोघेही गंगेकाठी जाऊन बसू. आणि गादीवर बसायचं असेल तर रयतेकडे बघा, तुमचं अनुष्ठान तेच. माधवरावांनी ऐकलं. मला यात सगळ्यात नवल याचं वाटतं, की सांगणारा माणूस स्वतः पक्का कर्मठ होता. देवाच्या नावाने काम टाळलेलं त्याला चालत नव्हतं. काकांनी विठ्ठलाची शपथ घातली तेव्हा मला नेमकी हीच जागा आठवायला हवी होती. आठवली ती रात्री अकरा वाजता.

आणि मग १७७३. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय जेमतेम अठरा. सत्ता चुलत्याकडे, राघोबादादांकडे गेली. शास्त्र्यांनी हळूहळू, गाजावाजा न करता चौकशी केली. परंपरा सांगते की त्यांच्या हाती हुकुमाचा कागद लागला आणि त्यात धरावे या शब्दातल्या ध चा मा केलेला होता. तो आनंदीबाईंनी केला असा बोलबाला आहे, पुरावा नाही, म्हणून मी तो त्यांच्या नावावर टाकणार नाही. पण एका अक्षराच्या खाडाखोडीत एक जीव जाऊ शकतो, हे आम्हा व्हाउचर तपासणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शास्त्री सरळ राघोबांसमोर गेले, दोष त्यांच्या पदरात घातला आणि याला देहान्त हेच प्रायश्चित्त असं सांगितलं. ज्याच्या सहीने आपला पगार निघतो त्याच माणसाला! मग पुणं सोडलं आणि वाईजवळ पांडववाडीला येऊन राहिले. पुन्हा कृष्णेकाठीच.

इथे मी नेहमी अडतो. राघोबांना शिक्षा झालीच नाही. ते काही महिने पेशवे राहिले, पुढे इंग्रजांकडे गेले, १७७५ चा सुरतेचा तह त्यातूनच झाला. मग शास्त्र्यांच्या निकालाने साधलं काय? खूप दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता वाटतं, वसुली करणं हे त्यांचं काम नव्हतंच. खातं खरं लिहिणं हे होतं, ते त्यांनी केलं. पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांना सन्मानाने परत बोलावलं आणि ते आले; रुसून बसले नाहीत. १७८९ मध्ये गेले.

साताऱ्याला इंग्रजांचा पहिला रेसिडेंट होता ग्रँट डफ. त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात या शास्त्र्यांविषयी तो फार आदराने लिहितो आणि एक बारीक तपशील देतो: त्यांच्या घरी एका दिवसाला पुरेल त्याहून जास्त शिधा ठेवत नसत. मी त्या रात्री याच ओळीवर थांबलो. राघोबांसमोर उभं राहण्याचं बळ मी आजवर विद्येत शोधत होतो, ते बहुधा त्या रिकाम्या डब्यांत होतं. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न त्यांच्या घरी रोज सकाळी नव्याने सुटत होता. मग मी वही घेऊन माझे हप्ते लिहून काढले. घर, गाडी, ऑफिसचं भाडं. काकांची फी वजा करून बघितली. ओढाताण होणार होती, पण दिवस निघत होते.

सकाळी दाखला केला, त्यात मोजली तेवढीच पोती लिहिली. यूडीआयएनचा १८ अंकी नंबर टाकला, काकांना फोन केला आणि राहिलेला माल खरंच आला की पुन्हा येऊन मोजतो, नवा दाखला देतो, त्याची फी नको, असं सांगितलं. काका बराच वेळ गप्प राहिले. मग बरं म्हणाले आणि फोन ठेवला. आठवड्याने त्यांचा मुलगा येऊन सगळ्या फाइली घेऊन गेला.

परवा एकादशीला हरिपूरच्या संगमेश्वराला गेलो होतो, तिथे काका भेटले. मी वाकलो. त्यांनीही वाकून राम कृष्ण हरी केलं, हातावर फुटाणे-साखर ठेवली आणि घरच्यांची चौकशी केली. हळदीचा विषय दोघांनीही काढला नाही.

उद्या श्लोक ४७ वा.