समुद्राची ओळख करून देणारे जॅक कुस्तो





मागच्या पालक सभेनंतर आमचे एक जुने पालक भेटले. त्यांचा मुलगा आपल्याच शाळेतून दहावी झाला, पुढे इंजिनिअर झाला. आता ती नोकरी सोडून तो अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, स्कूबा डायव्हिंगचा गाइड झाला आहे. लोकांना पाण्याखाली फिरवून आणतो, हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज जरा खाली आला. ही काय नोकरी झाली, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आम्ही त्यांची समजूत घातली खरी, पण या कामाबद्दल आम्हालाही फारसे ठाऊक नव्हते. इंदुरात आपल्याला माहीत असलेले पाणी म्हणजे तरण पुष्करातले, नाहीतर महेश्वर-ओंकारेश्वरच्या घाटावरचे. म्हणून आम्ही वाचायला घेतले आणि ज्यांच्यामुळे हा व्यवसाय जगात उभा राहिला, त्या जॅक-इव्ह कुस्तो यांच्या चरित्रात गुंतून गेलो. या अंकात त्यांचीच ओळख करून देत आहोत.

कुस्तोंचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या एका लहान गावी झाला. लहानपणी प्रकृती तोळामासा. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब सारखे फिरतीवर असे. १९२० साली ते अमेरिकेत असताना जॅकला उन्हाळी शिबिराला पाठवले गेले. घोड्यावर बसायला तो तयार होईना, म्हणून तिथल्या शिक्षकांनी त्याला तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढायच्या कामाला लावले. झाली ती शिक्षाच, पण बुडी मारून डोळे उघडे ठेवायला तो तिथेच शिकला.

अभ्यासात त्याचे लक्ष नव्हते. तेराव्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशांतून चलच्चित्रांचा कॅमेरा घेतला आणि तो खोलून पुन्हा जोडला. शाळेत मात्र त्याने एकदा खिडक्यांच्या सतरा काचा फोडल्या आणि शाळेने त्याला काढून टाकले. आईवडिलांनी त्याला कडक शिस्तीच्या वसतिगृहात घातले, आणि तिथे मुलगा अभ्यासाला लागला. ही हकीकत वाचून आमच्या विद्यार्थ्यांनी काचा मोजायला घेऊ नये! पण एका वर्षाच्या प्रगतिपुस्तकावरून मुलाचा निकाल लावायची घाई पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनीही करू नये, एवढे त्यातून नक्की घेता येईल.

१९३० साली कुस्तो नौदलाच्या प्रशिक्षणसंस्थेत दाखल झाले. त्यांना व्हायचे होते वैमानिक. १९३६ साली एका रात्री वडिलांची मोटार घेऊन मित्राच्या लग्नाला निघाले असता अंधारात मोठा अपघात झाला. दोन्ही हात मोडले. एक हात कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत पडले, पण कुस्तोंनी नकार दिला आणि कित्येक महिने व्यायाम करून बोटे हलती केली. वैमानिक होणे मात्र कायमचे राहिले. तूलाँ बंदरात बदली झाल्यावर फिलिप तायेझ या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना हातांत बळ यावे म्हणून समुद्रात पोहायला नेले आणि पाण्यात घालायचे गॉगल दिले. कुस्तोंनी पाण्याखाली डोके घातले आणि पुढच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढे फ्रेदेरिक द्युमा हा निष्णात पाणबुड्या येऊन मिळाला आणि तिघांची जोडगोळी जमली.

अडचण होती श्वासाची. त्या काळचे पाणबुडे धातूचे जड शिरस्त्राण घालत आणि वरच्या नावेतून नळीने हवा घेत. नळी जिथवर, तिथवरच माणूस. पाठीवर हवेची टाकी नेण्याचे प्रयोग इतरांनी केले होते, पण त्यांत हवा सतत वाहत राहून लवकर संपे. शिवाय पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो दुप्पट आणि वीस मीटरवर तिप्पट होतो. छातीवर बाहेरून जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा आतून मिळाली तरच श्वास घेता येतो.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवल्या जात. एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने इंजिनाला हवा तेवढाच गॅस सोडणारी एक झडप तयार केली होती. डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसला दोघांची भेट झाली आणि हीच झडप माणसाच्या श्वासासाठी वापरायचे ठरले. मार्न नदीतील पहिली चाचणी फसली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले, पण उभे राहिले की हवा वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास जड होई. उच्छ्वासाची जागा झडपेच्या पातळीला आणली आणि दोष दूर झाला. जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्रात कुस्तो नळीशिवाय, दोरीशिवाय, माशासारखे मोकळे पोहले. पत्नी सिमोन वर पाण्यावर राहून लक्ष ठेवत होत्या. आज स्कूबा गाइड तोंडात जो रेग्युलेटर धरतो, त्याचा उगम हा असा आहे.

हे स्वातंत्र्य फुकट मिळाले नाही. १९४६ साली व्होक्लूझ येथील खोल झऱ्यात उतरले असता कुस्तो आणि द्युमा मरता मरता वाचले. टाक्यांत भरलेली हवाच दूषित होती. १९४७ साली त्यांचे सहकारी मोरिस फार्ग १२० मीटरवर पोहोचले आणि तिथेच प्राणाला मुकले. खोलवर नायट्रोजनमुळे दारूसारखी गुंगी येते आणि माणसाचा विवेक सुटतो, हे या लोकांनी जिवावर उदार होऊन शिकून घेतले.

१९५० साली कुस्तोंना कॅलिप्सो हे जहाज मिळाले. सुरुंग काढण्यासाठी बांधलेली ही जुनी बोट एका धनिकाने विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिली. खर्चासाठी सिमोन यांनी आपले दागिने विकले, आणि पुढची कित्येक वर्षे त्या जहाजावरच राहिल्या. खलाशांची काळजी त्याच घेत. कुस्तोंच्या कीर्तीत या बाईंचा वाटा फार मोठा आहे.

कॅलिप्सोच्या सफरीत त्यांनी तरुण लुई माल याच्यासोबत समुद्राखालचा रंगीत चित्रपट केला. मूक जगाच्या नावाचा हा चित्रपट १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला आणि पुढे त्याला ऑस्करही मिळाले. त्याचा काही भाग मादागास्करच्या उत्तरेस, सेशेल्समधील अझम्प्शन या दूरच्या, एकाकी बेटावर चित्रित झाला आहे. तिथे गोबरा जातीचा एक प्रचंड मासा पाणबुड्यांच्या मागे मागे फिरू लागला. त्यांनी त्याचे नाव जोजो ठेवले, त्याला मांस भरवले. शेवटी तो इतका हट्टाला पेटला की कामात अडथळा नको म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवावे लागले.

इथवर मजा वाटते. पण त्याच चित्रपटात माशांची मोजदाद करायची म्हणून पाणबुडे प्रवाळात सुरुंग लावतात आणि मेलेले मासे गोळा करतात. बेटावरच्या महाकाय कासवांच्या पाठीवर बसतात. जहाजाच्या पंख्याने स्पर्म व्हेलचे पिल्लू जखमी होते आणि त्याचे लचके तोडायला आलेल्या शार्कना मंडळी सूड घेतल्यासारखी मारतात. त्या वेळी जगभरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आज ते बघवत नाही. १९५४ साली याच कुस्तोंनी अबुधाबीजवळ तेल शोधणाऱ्या कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणीही केली होती. चरित्र सांगताना हा भाग गाळायचा मोह होतो, पण तो गाळला तर पुढचे कुस्तो कळणार नाहीत.

कारण हळूहळू हा माणूस बदलत गेला. वर्षानुवर्षे त्याच त्या जागी उतरताना त्यांना दिसू लागले की मासे कमी होत आहेत, तळ ओसाड पडत आहे. १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याचा फ्रान्सचा बेत होता. त्याविरुद्ध कुस्तो जाहीरपणे उभे राहिले आणि तो बेत मागे पडला. १९६२ पासून त्यांनी समुद्राखाली घरे बांधून माणसे राहवून पाहिली. पहिल्या प्रयोगात दोघे दहा मीटरवर आठवडाभर राहिले, १९६५ मध्ये सहाजण शंभर मीटरवर तीन आठवडे. पण समुद्रात वसाहत करण्यापेक्षा समुद्र वाचवणे अधिक गरजेचे आहे, हे त्यांना पुढे पटत गेले. दूरदर्शनवरील मालिकांनी त्यांची लाल लोकरी टोपी घरोघरी पोहोचवली आणि १९७३ साली त्यांनी समुद्ररक्षणासाठी संस्था काढली.

१९७९ साली धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ विमान अपघातात गेला. तोच वडिलांचा उजवा हात होता. १९९० साली सिमोनही गेल्या. पण काम थांबले नाही. त्या सुमारास अंटार्क्टिकात खाणकामाला वाट करून देणारा करार होऊ घातला होता. ऐंशी वर्षांच्या कुस्तोंनी त्याविरुद्ध दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि सहा खंडांतून सहा मुले निवडून त्यांना अंटार्क्टिका दाखवायला नेले. १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या करारानुसार तिथल्या खाणकामावर बंदी आली. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरला एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ रोजी पॅरिसला कुस्तोंचे निधन झाले आणि जन्मगावीच त्यांना पुरण्यात आले.

आता त्या बेटावरच्या गाइडकडे येऊ. पाण्यात उतरण्यापूर्वी तो प्रत्येकाची टाकी तपासतो. श्वास कधीही रोखू नका असे बजावतो, कारण वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. वर सावकाश आणतो, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळूच बाहेर पडायला हवा. अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ छान असा नसून वर चला असा होतो, हेही शिकवतो. यातला एकेक नियम कोणाच्या तरी अपघातातून आला आहे. त्यानंतर तो सांगतो की प्रवाळावर पाय ठेवू नका, माशांना खाऊ घालू नका, काही उचलून आणू नका. कुस्तोंच्या पथकाने त्या एकाकी बेटावर जे जे केले, नेमके ते ते न करायला आजचा गाइड शिकवतो. कुस्तोंनी त्याला यंत्र दिले, आणि त्यांच्या चुकांनी त्याला शिस्त दिली. आपल्या हातून चूक झाली हे ओळखून उरलेले आयुष्य उलट दिशेने चालणे सोपे नाही. आम्हाला त्यांच्या यंत्राइतकेच याचेही मोल वाटते.

तेव्हा पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की मुलाने न ऐकलेला व्यवसाय निवडला तर आवाज खाली आणू नका. आधी त्या कामात काय जबाबदारी आहे ते विचारा. अनोळखी माणसाचा श्वास आपल्या भरवशावर आहे हे जाणून जो रोज पाण्यात उतरतो, त्याचे काम हलके कसे म्हणावे? त्या गृहस्थांना हा अंक आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत. आणि मुलगा सुटीत इंदूरला आला की त्याने नववी-दहावीच्या वर्गांशी एक तास बोलावे, असा निरोपही देणार आहोत.