त्याज्यातून ग्राह्य : युस्टुस फॉन लीबिग

सकाळी गोठा झाडताना जे आपण नाक मुरडून उकिरड्यावर टाकतो, त्यात किती विद्या साठलेली आहे, याची कल्पना आपणांस क्वचितच असते. ही विद्या ज्यांनी जगास उकलून दाखविली, त्यांत युस्टुस फॉन लीबिग यांचे स्थान मोठे आहे. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा आमचा हा अल्पसा प्रयत्न.

१२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे त्यांचा जन्म झाला. वडील रंग व औषधी द्रव्ये यांचा व्यापार करीत. त्या द्रव्यांशी खटपट करण्याचा नाद लागलेल्या युस्टुसचे शाळेतील पाठांतरात मन रमेना. आपण रसायनशास्त्रज्ञ होणार, असे त्याने सांगताच सारा वर्ग हसला. पण पुढे पॅरिस येथे गे-ल्युसॅक यांच्या हाताखाली शिकून, १८२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तोच मुलगा गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाला!

गाई-घोड्यांच्या मूत्रात बेन्झोइक आम्ल असते, अशी तेव्हाच्या विद्वानांची समजूत होती. १८२९ साली लीबिग यांनी घोड्याच्या मूत्रातून शुभ्र स्फटिक वेगळे केले. त्यात नायट्रोजन आढळला. बेन्झोइक आम्लात तर तो मुळीच नसतो. अर्थात हे आम्ल निराळे होते. घोडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्यास हिप्युरिक आम्ल असे नाव दिले. हे आम्ल तीव्र आम्लात उकळले असता त्याचे विघटन होऊन बेन्झोइक आम्ल हाती येते. पुढे त्या शतकात औषधोपयोगी बेन्झोइक आम्ल याच मार्गाने जनावरांच्या मूत्रापासून काढले जाऊ लागले.

१८४० साली त्यांचा शेतीच्या रसायनाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पिकाने जमिनीतून घेतलेले क्षार जमिनीस परत केलेच पाहिजेत. मलमूत्र नदीत सोडणे म्हणजे शेतीची लूट होय, असे त्यांचे ठाम मत होते.

तथापि १८४५ साली त्यांनी काढलेले कृत्रिम खत साफ फसले. पावसाने क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून ते पाण्यात सहसा न विरघळणारे केले होते. साहजिकच ते पिकांच्या मुळांना मिळेना. माती स्वतःच क्षार धरून ठेवते, हे नंतर कळले. युरोपभर कीर्ती पसरलेल्या या पुरुषाने आपली चूक आपल्याच ग्रंथाच्या १८६२ च्या आवृत्तीत उघडपणे कबूल केली. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, उत्तर चुकले की वही झाकून घेण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. आम्हां शिक्षकांसही तो चुकलेला नाही. लीबिग यांनी शेणामुतास हीन मानले नाही, तसेच स्वतःच्या चुकीसही लपविण्याजोगी मानले नाही. दोहोंतूनही उपयुक्त तेवढे त्यांनी वेचून घेतले. त्यांच्या चरित्रातून आपण एवढे घेतले, तरी पुष्कळ झाले.