क्ष-किरणांचे जनक राँटगेन

मानवी देहास शस्त्र न लावता त्याच्या आतील अस्थी पाहता येतील, ही गोष्ट १८९५ सालापूर्वी कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती. ती प्रत्यक्षात आणून दाखविणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे विल्हेल्म राँटगेन हे होत.

त्यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. उट्रेक्ट येथील शाळेत असता कोणा विद्यार्थ्याने शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. ते कोणी काढले हे सांगण्यास राँटगेनने नकार दिला व त्यापायी त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. हाती शालान्त प्रमाणपत्र नाही, पुढची वाट बिकट. तरी तो खचला नाही. झुरिच येथे प्रवेश मिळवून १८६९ साली त्याने डॉक्टर ही पदवी संपादन केली. ज्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने प्रमाणपत्राअभावी त्यांना एकदा जागा नाकारली होती, तेथेच १८८८ साली ते सन्मानाने प्राध्यापक झाले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी ते अंधाऱ्या प्रयोगशाळेत एका निर्वात नळीतून वीज सोडून पाहत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती. तरीही दूर ठेवलेला रासायनिक लेपाचा पडदा चमकू लागला! पुठ्ठ्यातून आरपार जाणारे हे किरण कोणते? राँटगेन यांनी कित्येक दिवस प्रयोगशाळेतच जेवण आणि झोप घेऊन त्याचा शोध केला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे व अंगठी स्पष्ट उमटली. या अज्ञात किरणांनाच आपण क्ष-किरण म्हणतो.

या शोधाचे स्वामित्व घेतले असते, तर राँटगेन धनाढ्य झाले असते. परंतु ज्ञान हे साऱ्या मानवजातीचे आहे, असे मानून त्यांनी ते घेतले नाही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कमही त्यांनी विद्यापीठास अर्पण केली. महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची शिल्लक मातीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्यूनिक येथे ते निवर्तले.

क्ष-किरण उपकारक खरे, पण अति झाल्यास घातकही. हे ठाऊक नसल्याने आरंभी अनेकांची त्वचा भाजली, काहींचे प्राणही गेले. म्हणून कमीत कमी किरणांत काम साधण्याची विद्या हळूहळू वाढत गेली. १९७१ साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूची चित्रे घेतली. या यंत्रात देहाभोवती किरण फिरवितात व संगणक त्यांवरून आतील भागाचे चित्र जुळवितो. हृदय मात्र सतत हलते. म्हणून त्याचे चित्र पुसट येई. आता यंत्र हृदयाच्या ठोक्यांचा वेध घेते आणि दोन ठोक्यांमधील विसाव्याचा क्षण नेमका साधते. काही यंत्रे सेकंदाच्या पाव भागात सारे हृदय टिपतात. वेळ थोडा लागतो, म्हणून किरणही थोडे लागतात.

या विद्येचा लाभ आज सह्याद्रीच्या कुशीतही पोहोचला आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील एखाद्या शेतकऱ्याच्या छातीत कळ येऊ लागली, तर पुण्यास नेऊन त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत काय, हे शस्त्रावाचून पाहता येते. त्याला राँटगेन हे नाव कदाचित ठाऊकही नसेल. नावाची वा धनाची अपेक्षा न ठेवता दिलेले दान असेच दूरवर पोहोचते.