संत कॅमिलस डी लेलिस : जखमी पायाने चाललेला रुग्णसेवक

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कॅमिलस डी लेलिस यांचा सण साजरा करते. रुग्ण, इस्पितळे आणि परिचारक-परिचारिका यांचे ते आश्रयदाते होत. वैद्यकीची पदवी नसलेल्या या संताने जखम धुण्याच्या साध्या कामाला उपासनेचे मोल दिले. त्यांच्या जीवनाचे आपण स्मरण करू या.

कॅमिलस यांचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको येथे एका सैनिकाच्या घरी झाला. तारुण्यात तेही व्हेनिसच्या सैन्यात भरती झाले. त्या काळात त्यांच्या पायावरची एक जखम चिघळली आणि ती जन्मभर भरून आली नाही. उपचारांसाठी १५७१ साली ते रोममधील सान जाकोमो इस्पितळात आले व तेथेच सेवक म्हणून राहिले. परंतु जुगाराचा नाद आणि भांडखोर स्वभाव यांमुळे त्यांना काढून टाकण्यात आले. १५७४ साली नेपल्समध्ये जुगारापायी ते पुरते निर्धन झाले.

पोटासाठी त्यांनी मानफ्रेदोनिया येथे कापुचिन संन्याशांच्या बांधकामावर मजुरी पत्करली. २ फेब्रुवारी १५७५ रोजी त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. त्यांनी कापुचिन संघात प्रवेश केला. परंतु पायाच्या जखमेमुळे त्यांना संघ सोडावा लागला. मग ते सान जाकोमोतच परतले. जेथून हाकलले गेले, तेथेच ते रुग्णांची सेवा करू लागले व पुढे व्यवस्थापक झाले.

पगारी नोकरांकडून रुग्णांची होणारी हेळसांड त्यांना पाहवेना. केवळ देवप्रीतीस्तव सेवा करणारे सोबती एकत्र आणावेत, असा विचार १५८२ साली त्यांच्या मनात आला. वयाच्या बत्तिशीत ते लहान मुलांबरोबर शिकायला बसले आणि १५८४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १५८६ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांनी त्यांच्या संघास मान्यता दिली व झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची परवानगी दिली. रेड क्रॉस संस्थेच्या स्थापनेपूर्वी सुमारे पावणेतीनशे वर्षांची ही गोष्ट! प्राण धोक्यात घालूनही रुग्णसेवा करण्याचे चौथे व्रत हे सभासद घेत. १५९५ साली ते हंगेरीच्या रणभूमीवर जखमी सैनिकांच्या सेवेस गेले. स्वच्छ हवा, योग्य आहार आणि संसर्गजन्य रुग्णांचे विलगीकरण यांवर कॅमिलस यांचा भर असे.

१४ जुलै १६१४ रोजी रोम येथे त्यांनी देह ठेवला. १७४६ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. १८८६ साली पोप लिओ तेरावे यांनी रुग्ण व इस्पितळांचे, तर १९३० साली पोप पायस अकरावे यांनी परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून त्यांना घोषित केले. दोन्ही वेळी संत जॉन ऑफ गॉड यांच्यासह हा मान त्यांना मिळाला.

आज ब्रिटनसारख्या देशांत विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका तातडीच्या विभागात किरकोळ दुखापतींवर स्वतः उपचार करतात. जखम शिवणे, मुरगळलेला पाय तपासणे ही कामे त्या जबाबदारीने पार पाडतात. जखम लहान म्हणून रुग्ण दुर्लक्षित राहू नये, हाच त्यामागील भाव. कॅमिलस यांनी तो आपल्याच पायाच्या वेदनेतून जाणला होता.

आपल्या धर्मग्रामातील परिचारिकांसाठी आपण प्रार्थना करू या. घरात एखादा रुग्ण असेल, तर त्याची मलमपट्टी आपण कंटाळून करतो की प्रभू येशूची सेवा समजून, हेही स्वतःला विचारू या.