नरक्यातले औषध ओळखणारे गोविंदाचारी

मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या जंगलात नरक्या नावाचे लहानसे झाड आढळते. फुलांचा वास असा, की नाव कोणी ठेवले असेल ते वेगळे सांगायला नको. कर्करोगावरच्या औषधाचे मूळ द्रव्य या झाडात भरपूर आहे, हे दाखवले डॉ. टी. आर. गोविंदाचारी यांनी, मुंबईतल्या गोरेगावात.

१९१५ मध्ये जन्मलेले गोविंदाचारी मद्रासचे. अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांच्याकडे संशोधन करून ते परतले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. वनस्पतीतली अल्कलॉइड वेगळी काढून त्यांच्या रेणूची रचना उलगडणे, यात त्यांचा हातखंडा होता. दम्यावर वापरतात त्या दमवेलीतल्या टायलोफोरिनची रचना त्यांनीच उलगडली. १९६० मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. १९६३ मध्ये ते गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख झाले.

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्या वेळी डीएनएला पडणारा पीळ सोडवायला एक विकर त्याचा एक धागा कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या जोडणीच्या आड येते. धागा तुटलेलाच राहतो, नक्कल अडते, विभाजन थांबते आणि पेशी मरते. हे सारे कळायला मात्र १९८० चे दशक उजाडले.

चिनी झाडातून हे द्रव्य फारच थोडे मिळे. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी नरक्यात ते सापडल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. पण नेमक्या त्याच सुमारास रुग्णांवरच्या चाचण्या थांबल्या. मूत्राशयाला होणारी इजा फार होती. रेणूत बदल करून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. पहिले प्रामुख्याने अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर.

मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. द्रव्य लाकडात आणि मुळांत असल्याने झाड मुळासकट जाते. गोविंदाचारी तोवर मद्रासला परतून कडुनिंबातल्या कीटकनाशक द्रव्यांवर काम करत होते. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. नरक्याची तोड आजही वनखात्याची डोकेदुखी आहे.